जुनी अकरावी, नवी दहावी

१९७५च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात एस.एस.सी.च्या दोन परीक्षा झाल्या. एक जुन्या अभ्यासक्रमाची, अकरावीची, शेवटची. दुसरी नव्या अभ्यासक्रमाची, दहावीची, पहिली. जून १९७२मध्ये नववीत गेलेली मुलं जुन्याच वाटेनं अकरावीपर्यंत आली होती. त्याच जूनमध्ये आठवीत गेलेल्यांना मात्र दहावीतच बोर्डाला बसायचं होतं. त्यामुळे घरात पाठोपाठची भावंडं असली तर थोरली अकरावीचा आणि धाकटा दहावीचा अभ्यास एकाच कंदिलाच्या उजेडात करत होते, आणि दोघांनाही मिळणार होतं ते एकाच नावाचं प्रमाणपत्र.

सरकारी हिशेब सरळ होता. आधी अकरा वर्षं शाळा आणि चार वर्षं कॉलेज. आता दहा वर्षं शाळा, दोन वर्षं ज्युनिअर कॉलेज आणि तीन वर्षं पदवी. बेरीज दोन्हीकडे पंधराच. वर्ष वाढलं नाही, घटलंही नाही. कुंपण तेवढं हललं. अकरावीचा वर्ग शाळेच्या आवारातून निघून कॉलेजच्या आवारात गेला. कागदावर एवढ्याशा दिसणाऱ्या या बदलानं हायस्कूलचं काय नेलं, हे समजायचं तर सत्तरीच्या सुरुवातीच्या हायस्कुलात अकरावी काय होती ते पाहायला हवं.

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक मागे पडून एस.एस.सी. सुरू झाली त्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. १९६६ साली सगळ्या राज्याचं मिळून एक बोर्डही झालं होतं. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘मॅट्रिक’च होतं. मुलगा मॅट्रिक पास, मुलगी नॉन-मॅट्रिक, अशीच ओळख लग्नाच्या बोलणीत सांगितली जाई. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्रातली साक्षरता ३९ टक्क्यांच्या आसपास होती. ज्या राज्यात दहातल्या सहांना सही करता येत नव्हती, तिथं अकरावी पास होणारा पोरगा घरातला पहिला शिकलेला माणूस असायचा. त्या कागदावर दोन वर्षांचं डी.एड. करून प्राथमिक शाळेत मास्तर होता येई. तलाठी, ग्रामसेवक, पोस्टातला कारकून, एस.टी.तला कंडक्टर, बँकेतला क्लार्क या सगळ्या वाटा तिथून फुटत. निकाल लागला की पेढ्यांनंतरचं पहिलं काम म्हणजे जिल्ह्याच्या गावी जाऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवणं, आणि दुसरं म्हणजे टायपिंगचा क्लास लावणं. कॉलेज ही पुढची गोष्ट. ते सगळ्यांसाठी नव्हतंच.

म्हणूनच अकरावीच्या वर्गाचा शाळेत वेगळा दरारा होता. पाचवीपासून खाकी अर्ध्या चड्डीत वावरलेली मुलं या वर्गात आली की फुलपँट मागू लागत. कित्येक मराठी शाळांत वरच्या वर्गातल्या मुलींना साडी असायची, आणि दोन वेण्यांवर रिबिनी बांधणारी मुलगी एका उन्हाळ्यात ‘ताई’ होऊन परत यायची. प्रार्थनेला पुढे उभं राहणं, फळ्यावर सुविचार लिहिणं, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात झेंडा धरणं, सहलीच्या बसमध्ये लहानांची मोजणी करणं, ही कामं अकरावीची. पाच सप्टेंबरच्या शिक्षकदिनाला तर अख्खी शाळाच त्यांच्या हाती. कुणी मुख्याध्यापक, कुणी पर्यवेक्षक, कुणी शिपाई होऊन टोल द्यायचा. सातवी-आठवीतल्या मुलांना इंग्रजी शिकवणारे ते ‘एक दिवसाचे सर’ पुढची दोन-तीन वर्षं सर म्हणूनच ओळखले जायचे.

जुन्या अभ्यासक्रमात वाटा लवकर फुटत. बीजगणित-भूमिती घ्यायची की सामान्य गणित, पदार्थविज्ञान-रसायन घ्यायचं की शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र, संस्कृत घ्यायचं की अर्धमागधी, हे शाळेतच ठरे. संस्कृतवाल्यांच्या डोळ्यांसमोर जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती असायची. ती मिळवणाऱ्याचं नाव शाळेच्या फलकावर पिवळ्या रंगात कायमचं चढे. ‘सामान्य गणिता’च्या बाकांवर मुली जास्त दिसत. तिला पुढे कुठं इंजिनिअर व्हायचंय, हे घरच्यांनी आणि कधी शाळेनंही परस्पर ठरवून टाकलेलं असे. मेडिकल किंवा इंजिनिअरिंगची वाट कॉलेजातल्या इंटर सायन्समधून जाई. त्या वाटेचं दार सामान्य गणित घेतानाच बंद झालं, हे त्या मुलींना बऱ्याचदा उशिरा कळे.

इतकी मुलं अकरावीपर्यंत पोचली त्यामागे त्याआधीच्या पंधरा वर्षांतले काही निर्णय होते. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फी माफ करणारी ई.बी.सी. सवलत आली. उत्पन्नाची मर्यादा आधी वर्षाला नऊशे रुपये होती, पुढे बाराशे झाली. दर जूनमध्ये शाळेच्या ऑफिसपुढे जी रांग लागे ती या सवलतीची. वडील हातात टोपी धरून उभे, खिशात तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला चार घड्या घातलेला, आणि हेडक्लार्क चष्म्यावरून बघत विचारणार, “शेती किती? जिरायत का बागायत?” उत्तर देताना बाप अडखळे आणि शेजारी उभ्या मुलाला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. पण त्या दाखल्यावर वर्षभराची फी सुटत होती. पश्चिम महाराष्ट्रात रयत शिक्षण संस्थेनं, विदर्भात पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेनं बाजारपेठेच्या गावांत हायस्कुलं आणि वसतिगृहं उघडली होती. कर्मवीर भाऊराव पाटील १९५९ साली गेले, तरी ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यांच्या संस्थेत चालूच होती. सकाळी शेतात काम आणि अकराला वर्गात, असा दिनक्रम असलेली मुलं सातारा-सांगलीकडे कमी नव्हती.

वसतिगृह परवडत नव्हतं त्यांचा आधार एस.टी. तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा डबा गावाकडून पहिल्या गाडीनं येई. ॲल्युमिनियमचा डबा, वर फडक्याची गाठ, गाठीत अडकवलेली नावाची चिठ्ठी. आई तो फाट्यावर आणून कंडक्टरच्या हवाली करी. डबे ड्रायव्हरच्या मागच्या जागेत रचले जात. गाडी स्टँडवर लागली की पोरं दारापाशी गर्दी करत आणि आपलं फडकं ओळखून डबा उचलत. दोन वेळच्या भाकऱ्या, कोरड्यास, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. गाडी बंद पडली की त्या दिवशी खोलीवर चुरमुरे आणि पाणी. एस.टी.नं या डब्यांचे कधी पैसे घेतले असतील-नसतील, पण त्या काळातल्या कित्येक पदव्यांमध्ये तिचा वाटा आहे.

जानेवारी उजाडला की अकरावीच्या मुलांना शाळेत मुक्कामाला बोलावलं जाई. ग्रामीण भागात वीज बऱ्याच गावांत पोचली नव्हती, पोचली तिथं टिकत नव्हती. मुलं वळकटी, कंदील आणि पाण्याचा तांब्या घेऊन संध्याकाळी येत. वर्गातले बाक भिंतीला लावले जात. मधोमध जमलं तर गॅसबत्ती, नाहीतर चौघांत एक कंदील. काचेवर काजळी धरली की राखेनं नाहीतर वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसायची पाळी ठरलेली. पहाटे चारला गणिताचे सर घोंगडं पांघरून, छडी वाजवत यायचे, उठवायचे आणि त्याच अंधारात प्रमेय म्हणून घ्यायचे. या जागरणाचे पैसे कुणी मागत नसे आणि कुणी देतही नसे. मार्चमध्ये शाळेचा निकाल किती टक्के लागला यावर पंचक्रोशीत शाळेची पत ठरे, आणि ती सरांची स्वतःची पत होती. मुंबईत गिरणगावातली मुलं हाच अभ्यास चाळीच्या गॅलरीत, जिन्याखाली, रस्त्यावरच्या दिव्याखाली करत. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी रात्रशाळा होत्या, आणि तिथं एकाच बाकावर सतरा वर्षांचा पोरगा आणि दोन मुलांचा बाप शेजारी बसलेले असत.

या पिढीच्या शालेय वर्षांत बाहेर एकामागून एक मोठ्या घटना घडत होत्या. १९७१च्या सुरुवातीला वेस्ट इंडीजमध्ये अजित वाडेकरांच्या संघानं मालिका जिंकली आणि पहिल्याच मालिकेत, चार कसोटींत, सुनील गावसकरनं ७७४ धावा केल्या. अकरावीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत होती. किती मुलांचे भूमितीचे गुण पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गेले त्याची गणती नाही. मग २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ओव्हलवर इंग्लंड हरलं. आदल्या दिवशी चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा बळी घेतले होते. या संघातला एकनाथ सोलकर हा मुंबईतल्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. क्रिकेट फक्त मोठ्या घरच्यांचं नाही, हे सांगायला शाळेच्या मैदानावर ते एक नाव पुरेसं झालं.

त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. १५ नोव्हेंबरपासून पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. वसतिगृहातल्या मुलाला घरी पत्र लिहायचं म्हणजे ते पाच पैसे आधी जमवायला लागत. बांगलादेशाचा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकातून त्याच्या खिशापर्यंत आला तो असा. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. मुंबईत भोंगे वाजू लागले, खिडक्यांच्या काचांवर खाकी कागद चिकटले, मोटारींचे दिवे अर्धे काळे झाले. ऐन स्नेहसंमेलनाच्या दिवसांत संध्याकाळचं सगळं आवरून घरी जायची घाई. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. एन.सी.सी.ला त्यानंतर अचानक गर्दी झाली आणि निबंधाच्या पेपरसाठी ‘मी सैनिक झालो तर’ हा विषय हमखास पाठ केला जाऊ लागला.

पुढचं वर्ष वेगळ्याच कारणानं लक्षात राहिलं. १९७१चा पाऊस बेताचा होता, १९७२चा गेलाच. विहिरी आटल्या, गुरं छावण्यांत किंवा बाजारात गेली. गावोगाव सरकारी कामं निघाली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात सगळ्या राज्यात रुजली. १९७३च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसं या कामांवर होती, आणि त्यात हायस्कूलची मुलंही होती. नववी-दहावीतला अंगानं भरलेला पोरगा शनिवार-रविवार बापाच्या जोडीला खडी फोडायला जाई. सोमवारी त्याच्या हाताला आलेल्या फोडांमुळे टाक नीट धरता येत नसे. ज्यांच्या घरून डबा येत होता त्यांच्या डब्यातली भाकरी बदलली. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, तिची भाकरी विटकरी रंगाची, चिवट, गार झाली की चामड्यासारखी. पाण्यात भिजवून खाल्ली तरच गळ्याखाली उतरे. वसतिगृहांतही तीच. काही मुलांची शाळा त्या वर्षी सुटली ती कायमची, आणि ती बहुतेक त्यांच्या घरातली थोरली होती. धाकट्यांना शिकता यावं म्हणून थोरल्यानं शाळेतून नाव काढायचं, हा त्या वर्षाचा अलिखित नियम होता.

तरी शाळा म्हणजे नुसते हाल नव्हते. डिसेंबरातल्या गॅदरिंगला फिशपाँड पडत. वर्षभर ज्याच्यावर कुणी बोललं नाही त्याच्यावरही एक चिठ्ठी निघायचीच, आणि शिक्षकांवरच्या चिठ्ठ्या आधी पर्यवेक्षकांच्या हाताखालून जायच्या. हस्तलिखित मासिकाच्या मुखपृष्ठासाठी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा पास झालेल्या मुलाला मस्का लावावा लागे. नोव्हेंबर १९७१पासून बालभारतीचं ‘किशोर’ येऊ लागलं आणि शाळेच्या वाचनालयात त्याच्या अंकासाठी नंबर लागले. बाकाखाली मात्र बाबुराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक चालत. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओट्यावर गल्लीतली पोरं जमत आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत पहिल्या पायदानावरून वाद होत. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबईत दूरदर्शन आलं, पण ते दादर-पार्ल्यातल्या मोजक्या घरांपुरतं. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आणि पुढे ‘बॉबी’ पाहण्यासाठी शाळा बुडवणारे दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांच्या केबिनबाहेर ओळीनं उभे दिसत.

अशा या शाळेत जून १९७२मध्ये नवा अभ्यासक्रम आला. त्याचं मूळ डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगात. आयोगानं १९६६ साली अहवाल दिला, १९६८च्या राष्ट्रीय धोरणानं १०+२+३चा आकृतिबंध स्वीकारला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यातल्या शाळेची अवस्था त्यांना फायलीतून समजून घ्यावी लागत नव्हती. आयोगाचं म्हणणं असं की दहावीपर्यंत सगळ्या मुलांना एकसारखं शिकवा, गणित आणि विज्ञान कुणालाही चुकवू देऊ नका, कार्यानुभव द्या, आणि पुढच्या दोन वर्षांत निम्म्या मुलांना धंदेशिक्षणाकडे वळवा.

यातला पहिला भाग महाराष्ट्रात झाला. वेगवेगळ्या प्रकाशकांच्या पुस्तकांतून शाळेनं निवड करायची पद्धत मागे पडली आणि मराठीला सगळीकडे ‘कुमारभारती’ आली. सामान्य गणिताची पळवाट गेली. मुलींच्या बाकांवरही बीजगणित आणि प्रयोगवही आली. या एका बदलाचं मोल नंतरच्या वीस वर्षांत मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांत मोजता आलं. नव्या गणितात संच, उपसंच, छेदसंच असली मंडळी होती. वीस-वीस वर्षं तीच प्रमेयं शिकवलेले सर सुट्टीतल्या प्रशिक्षणाला जाऊन ती शिकून येत आणि फळ्यावर वर्तुळं काढताना एक डोळा पुस्तकावर ठेवत. शेजारच्या वर्गात जुन्या अभ्यासक्रमाची मुलं लॉग टेबल उघडून बसलेली. तीन वर्षं एकाच शाळेत दोन शाळा चालत होत्या.

त्यात महागाई. १९७३च्या तेलसंकटानंतर रॉकेलला रांगा लागल्या, म्हणजे थेट कंदिलावरच गदा. वह्यांचा कागद मिळेना, मिळाला तर पिवळट आणि शाई फुटणारा. मुलं जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून दाभणानं शिवत आणि गणितं आधी पाटीवर करून मग वहीत उतरवत.

मार्च १९७५मध्ये दोन्ही वर्ग परीक्षेला बसले. शेवटच्या अकरावीवर दडपण जास्त होतं, कारण नापास झालं तर जूनमध्ये बसायला शाळेत तो वर्गच उरणार नव्हता. गोव्यातली मुलंही तोवर पुण्याच्या बोर्डाचीच परीक्षा देत. गोव्याचं स्वतःचं बोर्ड त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्थापन झालं. निकाल आले, पेपरांत नंबरांचे रकाने छापले गेले, आणि प्रवेशाची धावपळ चालू असतानाच २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. त्या गदारोळात शाळेतून एक वर्ग कमी झाल्याची बातमी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

लक्षात आली ती शाळांच्या. पाच सप्टेंबरची तयारी करणारं, लहानांना दटावणारं, गणेशोत्सवाची वर्गणी जमवणारं थोरलं पोर आता पंधरा वर्षांचं होतं. रात्रीचे अभ्यासवर्ग दहावीसाठी चालू राहिले, पण त्या मुलांना अजून कुणीतरी सांभाळावं लागे. मोठ्या शहरांत कॉलेजांनी अकरावी-बारावी उघडली. काही नामांकित हायस्कुलांना उच्च माध्यमिकची परवानगी मिळाली. १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली. निम्म्या मुलांनी धंदेशिक्षणाकडे जावं हे कोठारींचं गणित काही सुटलं नाही. बारावी ही मेडिकल-इंजिनिअरिंगची चाळणी होऊन बसली. हळूहळू डी.एड.लाही बारावी लागू लागली, नोकऱ्यांच्या जाहिरातींतून एस.एस.सी. खाली सरकली, आणि पूर्वी अकरावीनं जे मिळत होतं त्यासाठी एक वर्ष जास्त शिकावं लागलं.

या सगळ्याची सर्वांत जास्त किंमत छोट्या गावातल्या मुलींनी मोजली. गावातल्या हायस्कुलात अकरावी होती तोवर मुलगी सोळा-सतरा वर्षांची होईपर्यंत घरून चालत शाळेत जात होती, आणि त्या शाळेतून बाहेर पडताना तिच्या हाती नोकरीपुरता कागद असायचा. आता शाळा पंधराव्या वर्षी संपली. पुढचं शिकायचं तर तालुक्याला, एस.टी.नं, रोज. ज्या गावाच्या हायस्कुलाला पुढे अकरावी-बारावीचे वर्ग जोडून मिळाले तिथल्या मुली शिकत राहिल्या. जिथं मिळाले नाहीत तिथं बापानं गाडीची वेळ आणि परतायचा अंधार मोजला आणि स्थळं बघायला सुरुवात केली. पंधरा वर्षांची बेरीज सरकारनं चोख जुळवली होती. त्यातलं एक वर्ष गावातून तालुक्याला गेलं, आणि त्याचं भाडं ज्याच्या त्याच्या घरानं भरलं.